बिघाडाला पत्ता असतो



मागच्या रब्बीतली गोष्ट आहे. आमच्याच भागातल्या एका कास्तकाराच्या वावरातला सौर पंप बंद पडला. हरभरा घाटे भरायच्या बेताला आलेला. ऊन लख्ख, विहिरीला पाणी, पाट्या पुसून स्वच्छ केलेल्या, पण मोटार काही फिरेना. पंपाशेजारच्या पेटीवर एक तांबडा दिवा तेवढा लुकलुकत होता. पेटीला कंपनीचे सील. सील तोडले की हमी गेली. फोन केला, तक्रारीचा नंबर मिळाला आणि तेराव्या दिवशी माणूस आला. त्याने पेटी उघडली, सैल झालेली एक तार पक्की आवळली आणि पाऊण तासात चहा पिऊन निघूनही गेला. तोवर निम्मे घाटे पोचट राहिले होते.

जाताजाता तो माणूस म्हणाला, "दिवा किती वेळा लुकलुकून थांबतो ते मोजायचं असतं. त्यावरून कळतं, बिघाड कुठं आहे ते."

म्हणजे तेरा दिवस तो दिवा सांगत होता आणि ऐकणारे कोणी नव्हते. त्या घरात दोन पोरे आहेत. दोघे पदवीधर, दोघांच्या हातात दहा-पंधरा हजारांचे मोबाईल. त्यांनी रोज त्या दिव्याकडे पाहिले. आम्हीही दोनदा जाऊन पाहिले, आणि आमच्याकडे तर शेतकी कॉलेजची पदवी आहे! म्हणून त्या पोरांना नावे ठेवायचा अधिकार आम्हाला नाही. चार वर्षे फळ्यावरच्या आकृत्या वहीत उतरवून घेतल्या, फवारा पंप एकदाही खोलून पाहिला नाही, आणि पास झालो.

आज या पानावर आम्ही पोरांच्या खेळण्याविषयी लिहिणार आहोत. भावाचा प्रश्न सोडून ही काय पोरखेळाची गोष्ट काढली, असे काहींना वाटेल. शेवटपर्यंत वाचा आणि मग सांगा.

पेण-रोह्याच्या पडवीत

रायगड जिल्ह्यातले पेण आणि रोहा हे तालुके म्हणजे आपल्या मुलखाच्या अगदी उलट. आपण आभाळाकडे डोळे लावून बसणारे. तिकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. आपली पऱ्हाटी आणि ज्वारी, त्यांचे भात. खाडीकाठच्या खारजमिनीला बांध घालून समुद्राचे पाणी अडवायचे आणि त्यात भात पिकवायचे, ही तिथल्या कुळांची पिढ्यान्‌पिढ्यांची विद्या. पेणचे गणपती तर देशभर जातात. याच पेण तालुक्यातल्या २२ गावांच्या शेतकऱ्यांनी सप्टेंबर २००८ मध्ये विशेष आर्थिक क्षेत्राला जमीन द्यायची की नाही यावर मतदान केले आणि बहुसंख्यांनी 'नाही' म्हटले. ते मतदान आपल्यातल्या अनेकांना आठवत असेल.

तिथल्या एका सहकाऱ्याने आम्हाला बोलावले. तो म्हणाला, "जमीन राखली हो आम्ही. पण पोरं राखता येत नाहीत. एक तर धाटावच्या कारखान्याच्या दारात कंत्राटी म्हणून उभी राहतात, नाही तर मोबाईलमध्ये मान घालून बसतात." त्याच्या डोक्यात एक कल्पना होती. मोबाईलवर खेळ खेळणाऱ्या पोरांना खेळ बनवायला बसवायचे. दोन दिवस पेणला त्याच्या घराच्या पडवीत आणि दोन दिवस रोह्याला. सातवी ते दहावीची वीस-बावीस पोरेपोरी. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणले. शिकवायला रोह्याचे एक जुने रेडिओ दुरुस्तीवाले काका. त्यांचे दुकान कधीच बंद पडले, पण बोटे विसरलेली नाहीत. आम्ही त्यांच्या हाताखाली तारा सोलायच्या कामावर होतो.

पहिला खेळ अगदी साधा. तांब्याची जाड तार सापासारखी वाकवायची. दुसऱ्या तारेची कडी करून ती त्या सापावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्यायची. कडी तारेला लागली की पूर्ण झाला वीजमार्ग आणि वाजला भोंगा. एक बॅटरी, एक भोंगा, दोन तारा. इथे चिप नाही, काही नाही. पण वीज फेरा पूर्ण झाल्याशिवाय वाहत नाही, ही गोष्ट ज्या पोराने अशी हाताने ऐकली ते ती परीक्षेपुरती पाठ करत नाही.

दुसरा खेळ दहा दिव्यांचा. गोलात दहा बारीक दिवे, ते एकामागून एक पळतात. नऊ हिरवे, एक तांबडा. तांबड्यावर असताना बटण दाबून थांबवायचे. थांबवले तर जिंकलात. यात दोन चिपा. एक ५५५ नावाची, आठ पायांची. ती १९७० नंतरच्या दोन-तीन वर्षांत आली आणि आजही जगभर वापरली जाते. तिचे काम ठोके देणे. काकांनी पोरांना सांगितले, "हौद भरला की एक ठोका. नळ बारीक केला तर हौद उशिरा भरतो, ठोके संथ पडतात. नळ मोठा केला की धडाधडा." तो नळ म्हणजे रोधक आणि हौद म्हणजे संधारक. पाठ्यपुस्तकात हीच नावे पोरांच्या डोक्यावरून जातात. दुसरी चिप ४०१७, सोळा पायांची. ती म्हणजे दारे धरणारा माणूस. प्रत्येक ठोक्याला एका वाफ्याचे दार बंद करून पुढच्याचे उघडते. दहा वाफे झाले की पुन्हा पहिल्यावर. तिच्या तेराव्या पायाला वीज दिली की हा माणूस आहे त्या वाफ्यावर थांबतो. बटण तिथे जोडायचे.

हात जवळ नेला की बिघडते

इथे जे घडले त्यासाठी हा लेख लिहिला.

आठवीतल्या एका मुलीचा खेळ नीट चालेना. दिवे मध्येच थांबत, पुन्हा पळत. बटणाला हात न लावताच! बाकीची पोरे हसू लागली, हिच्या पेटीत भूत आहे म्हणून. आम्हीही म्हणालो, चिप खराब असेल, दुसरी घे. काकांनी आम्हाला हाताने गप्प केले आणि मुलीला विचारले, "कधी बिघडतं?"

मुलीने पाहिले. पुन्हा पाहिले. मग म्हणाली, "काका, हात जवळ नेला की बिघडतं."

"कुठल्या बाजूनं नेला की?"

ती एकेका बाजूने हात नेऊन पाहू लागली. डावीकडून नेला, काही नाही. वरून, काही नाही. बटणाच्या तारेजवळ नेला की दिवे अडखळत. मग ती तार कुठे जाते ते तिने बोटाने माग काढत पाहिले. तेराव्या पायावर. बटण दाबले की त्या पायाला वीज मिळत होती हे खरे. पण बटण सोडल्यावर? सोडल्यावर तो पाय कशालाच जोडलेला नव्हता. मोकळा होता. मोकळ्या सुटलेल्या बैलासारखा. हवेतली, अंगातली, पंख्याच्या तारेतली जी काही वीज आसपास असेल तिच्यामागे तो जात होता. त्या पायापासून बॅटरीच्या उणे टोकापर्यंत एक रोधक जोडायचा राहून गेला होता. खुंट्याला बांधणारा दोर. तो तिने जोडला आणि भूत गेले.

या सगळ्याला पाऊण तास लागला. काकांनी उत्तर सांगितले नाही. त्यांनी एकच नियम घालून दिला होता: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि काय झाले ते पाहूनच दुसरीला हात लावायचा.

शेतकरी भावांनो, हा नियम ऐकून आम्ही चपापलो. कारण हाच नियम शेतकी कॉलेजात आम्हाला प्रयोगाचा पहिला धडा म्हणून शिकवला होता. एका वाफ्यात खत, शेजारच्या वाफ्यात नाही, बाकी सगळे सारखे, तरच खताचा गुण कळतो. आम्ही तो परीक्षेत लिहिला. गावात आल्यावर किती वेळा पाळला?

आपल्या पऱ्हाटीचेच पाहा. पाने लाल पडू लागली की आपण म्हणतो लाल्या आला. लाल्या हा एकच रोग नव्हे. मॅग्नेशियम कमी पडले तर पाने लाल होतात, बोंडे भरताना नत्र कमी पडले तर होतात, तुडतुड्यांनी रस शोषला तर होतात, रात्री एकदम गार पडल्या तरी होतात. चार कारणे, चार पत्ते. आपण काय करतो? कृषी केंद्रात जातो, पान दाखवतो, आणि दुकानदार एक पिशवी आणि दोन बाटल्या देतो. तिन्ही एकाच टाकीत. बरे वाटले तर कशाने ते कळत नाही. नाही वाटले तर पुढच्या खेपेला चौथी बाटली. नशीब म्हणून सोडून द्यायचे आणि उधारी वाढवत न्यायची.

ही सवय जीवावरही बेतते. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. कारणे अनेक होती, आणि अनेक औषधे एकत्र मिसळून फवारणे हे त्यातले एक म्हणून पुढे आले. मेलेल्यांचा दोष होता असे म्हणणारा माणूस निर्दय आहे. औषध विकणाऱ्याने सांगितले नाही, सरकारने पाहिले नाही. पण 'कशाने काय होते ते एकेक करून पाहा' ही रीत आपल्या शाळेने आपल्याला दिली असती, तर निदान प्रश्न विचारायला तोंड फुटले असते.

त्या पेणच्या पोरीने पाऊण तासात जे कमावले ते हे. बिघाड म्हणजे भूत नव्हे, नशीब नव्हे. बिघाडाला पत्ता असतो, आणि तो शोधून काढता येतो.

आपला खेळ, आपला नियम

दुसऱ्या दिवशी काकांनी तळहाताएवढी पाटी काढली. आर्डुइनो म्हणतात तिला. २००५ साली इटलीत शिक्षक-विद्यार्थ्यांसाठी ती पहिल्यांदा बनली. तिच्या आराखड्यावर कुलूप नाही, कोणीही बनवावी, म्हणून तिची साधी नक्कल चार-पाचशे रुपयांत मिळते. त्या पाटीवरच्या चिपेला संगणकावरून हुकूम लिहून द्यायचे. हा दिवा लाव, इतका वेळ थांब, बटण दाबले असेल तर असे कर, नसेल तर तसे. आदल्या दिवशी जे काम दोन चिपा आणि वीस तारांनी केले ते आता दहा-पंधरा ओळींत झाले. पण आदल्या दिवशीच्या तारा जोडल्या होत्या म्हणूनच त्या ओळी पोरांना कळल्या, हे विसरू नका.

आणि इथे खेळ पोरांचा झाला. खारजमिनीकाठच्या गावातल्या दोन पोरांनी दहा दिवे उभे लावले. खालून वर एकेक दिवा पेटत जातो, ती भरती. खारबांधाला पाणी सोडण्याचे दार असते, त्याला तिकडे उघाडी म्हणतात. भरती वर यायच्या आत बटण दाबून उघाडी बंद केली नाही तर खारे पाणी भातात शिरले, खेळ संपला. फार लवकर बंद केली तर शेतातले पावसाचे पाणी बाहेर जात नाही, भात कुजला, तरी खेळ संपला. असा खेळ कुठल्या कंपनीच्या मोबाईलवर मिळेल? तो बनवायला उघाडी पाहिलेली पोरेच लागतात. त्यांच्या बापाचे आयुष्य त्या खेळात आले होते.

आम्हाला तिथेच वाटले, आपली पोरे काय बनवतील? पहिल्या पावसाला पेरले आणि पुढे खंड पडला तर दुबार पेरणी, थांबले तर हंगाम मागे पडतो. कधी पेरायचे याचा खेळ. ज्वारी हुरड्यावर आल्यावर पाखरे हाकण्याचा खेळ. खेळता खेळता पोरगे विचारील, "बाबा, खंड किती दिवसांचा पडतो?" मग बापाला आठवून सांगावे लागेल, आणि पोराला पर्जन्यमापकाची वही पाहावी लागेल.

नवे काहीच नाही

हे खूळ परदेशातून आले असे कोणी म्हणेल. परदेशात हे चालते हे खरे आहे. इंग्लंडात २०१६ साली सातवी इयत्तेच्या मुलांना मायक्रोबिट नावाची छोटी पाटी फुकट वाटली. क्रोएशिया या लहानशा देशातल्या अल्बर्ट गायशाक या तरुणाने २०१७ मध्ये मुलांनी स्वतः डाग देऊन जोडायचा व्हिडिओ खेळाचा संच बाजारात आणला, आणि तो देशोदेशी गेला. त्यातला पडदा होता जुन्या नोकिया फोनचा, ज्यावर आपल्यातल्या कित्येकांनी सापाचा खेळ खेळला आहे.

पण विचार आपल्याच मातीतला आहे. ज्या पेण तालुक्यात आम्ही बसलो होतो त्याच तालुक्यातल्या गागोद्याला १८९५ साली विनोबा जन्मले. परीक्षेला निघालेल्या या विद्यार्थ्याने आपली प्रमाणपत्रे चुलीत घातली असे सांगतात. पुढे त्यांचे आयुष्य गेले आपल्या कापसाच्या मुलखात, वर्ध्याला आणि पवनारला. त्याच वर्ध्याला ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींनी शिक्षण परिषद भरवली आणि नई तालीम मांडली. हाताच्या कामातून गणित शिकावे, विज्ञान शिकावे, भाषा शिकावी. त्या काळी हातात तकली होती. तकली घ्यायची की पाटी, हा भांडणाचा मुद्दा आम्ही करत नाही. पोराच्या हातात वस्तू असली पाहिजे आणि ती त्याने स्वतः घडवली पाहिजे.

आणखी जवळचे उदाहरण पाबळचे. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यातले हे कोरडवाहू गाव, आपल्यासारखेच पावसाच्या भरवशावरचे. तिथे डॉ. श्रीनाथ कलबाग या शास्त्रज्ञाने मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत नापास झालेली, शाळा सोडलेली पोरे घेतली आणि त्यांना लोखंडकाम, बांधकाम, वीज, शेती, पशुपालन हाताने करायला लावले. पोरांनी गावाची कामे करायची आणि करता करता शिकायचे. तोच अभ्यासक्रम पुढे आठवी ते दहावीसाठी शाळाशाळांत गेला. अमेरिकेतल्या एमआयटी या नामांकित संस्थेने संगणकावर आखलेली वस्तू जागेवरच बनवण्याच्या प्रयोगशाळा जगभर काढायचे ठरवले, तेव्हा आपल्या आवाराबाहेरची पहिली त्यांनी २००२ मध्ये काढली ती या पाबळला. नापासांच्या गावाला! कलबाग २००३ साली गेले, काम चालू आहे.

आणि पुण्याच्या आयुका संस्थेत अरविंद गुप्ता यांनी पोरांसाठी टाकाऊ वस्तूंची शेकडो खेळणी केली. एक बॅटरी, दोन सेफ्टी पिना, एक चुंबक आणि तांब्याच्या तारेचे वेटोळे, एवढ्यात फिरणारी मोटार होते. आपल्या विहिरीवरच्या मोटारीचे गुपित त्या वेटोळ्यात आहे.

शंका विचारा

आता शंका. बैठकीत ज्या येतील त्या आम्हीच आधी मांडतो.

पहिली: पोरगे खेळापायी वाया चालले आहे, आणि तुम्ही खेळच देता? भाऊ, खेळणे आणि खेळ बनवणे यात विकत घेणे आणि पिकवणे यांच्याइतका फरक आहे. मोबाईलवरच्या खेळात नियम कंपनीचा, पोरगे फक्त बोट चालवते. बनवलेल्या खेळात नियम पोराचा. चार दिवसांत एकाही पोराने आम्हाला मोबाईल मागितला नाही, असे आम्ही म्हणणार नाही. मागितला. पण बहुतेकांनी जोडणीची आकृती पाहायला मागितला.

दुसरी: पैसा? दहा दिव्यांच्या खेळाचे सुटे भाग शंभर-सव्वाशे रुपयांत येतात. डाग द्यायची कावी आणि वीज मोजायचे साधे मीटर प्रत्येकी दोन-अडीचशे रुपयांत. सगळ्या गावाला मिळून एक संच पुरे.

तिसरी: याने नोकरी लागेल का? नाही. खोटे कशाला सांगू? चार खेळ जोडून कोणी इंजिनियर होत नाही आणि पऱ्हाटीला भावही मिळत नाही. पण गावात आज पंपाची पेटी, ठिबकचा टायमर, फवाऱ्याची बॅटरी, ट्रॅक्टरमधली चिप शिरली आहे, आणि दुरुस्तीचा प्रत्येक रुपया गावाबाहेर जातो. ज्याला पेटीची भीती वाटत नाही असे एक पोरगे गावात असणे ही सुद्धा कमाई आहे. चौथ्या दिवशी रोह्याच्या पोरांनी दोन खिळे कुंडीतल्या मातीत रोवून ओल दाखवणारा दिवा केला. दोन-तीन दिवसांनी एका खिळ्याला दुसऱ्यापेक्षा जास्त गंज चढल्याचे त्यांनी आमच्या सहकाऱ्याला कळवले, आणि तो का चढला ते शोधत आहेत. हे आमच्या पदवीपेक्षा चांगले शिक्षण आहे.

चौथी शंका आमची स्वतःची. पडवीत वीस-बावीस पोरे होती, पण पेण-रोह्याच्या कातकरी वाड्यांवरचे एकही नव्हते. त्यांची घरे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात, पोरांना घेऊन. आपल्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्यांचे तेच. ज्यांच्या हाताला काम सगळ्यात आधी लागते त्यांच्याच पोरांच्या हाताला शिक्षण सगळ्यात शेवटी मिळते. असला कार्यक्रम दिवाळीआधी घेतला पाहिजे, आणि वाडीवर, तांड्यावर जाऊन घेतला पाहिजे. आमची ती चूक झाली.

एक सूचना मात्र ध्यानात ठेवा. हा सगळा खेळ बॅटरीच्या नऊ व्होल्टांवर. विहिरीवरच्या स्टार्टरची पेटी ४४० व्होल्टांची असते, तिथे पोरांना हात लावू देऊ नका. सौर पाट्यांची वीजही माणूस मारू शकते. डाग देताना मोकळ्या हवेत बसायचे आणि नंतर हात धुवायचे, कारण त्या धातूत शिसे असते. शिकणे म्हणजे बेफिकिरी नव्हे.

बैठकीपुढे ठराव

सरकारकडे पैसा नाही असे नाही. केंद्र सरकारने २०१६ पासून शाळांना अटल टिंकरिंग लॅब दिल्या, शाळेमागे वीस लाखांपर्यंत अनुदान ठरवून. २०२५ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत आणखी ५०,००० देण्याची घोषणा झाली. आम्ही पाहिलेल्या एका शाळेत या खोलीला कुलूप होते. आत खोक्यांवर धूळ, आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या कपाटात. सामान हरवले तर जबाबदार कोण, म्हणून कोणी खोके फोडत नाही. वापरून मोडलेल्या सामानाचा हिशेब मागणारे पुष्कळ, न वापरलेल्याचा कोणीच नाही.

म्हणून आमच्या मते पुढच्या जिल्हा बैठकीत चार गोष्टींवर ठराव व्हावा.

एक. ज्या शाळेत अशी खोली आहे तिचे कुलूप उघडावे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालक असतात. म्हणजे आपण. समितीच्या सभेला जा आणि विचारा, खोली आठवड्यातून किती वेळा उघडते?

दोन. २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीला दहा दिवस दप्तराविना शाळा सांगितली आहे. ते दहा दिवस सहलीत आणि भाषणांत जाऊ नयेत. गावातला मोटार गुंडाळणारा, रेडिओ दुरुस्त करणारा, वेल्डिंगवाला यांना त्या दिवसांत गुरुजी म्हणून बोलवावे, आणि मानधन द्यावे.

तीन. कुठल्याही कंपनीने पंप, फवारा किंवा टायमर विकताना लुकलुकणाऱ्या दिव्याचा अर्थ मराठीत छापून पेटीवर लावावा, आणि सुटे भाग तालुक्याला ठेवावेत. केंद्र सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यात शेतीची अवजारे धरली आहेत. कागदावरचा हक्क वावरात उतरवून घ्यायचे काम आपले.

चार. हे सगळे होईपर्यंत थांबू नका. तालुक्याला एक टेबल, एक कावी, एक मीटर, आणि महिन्यातला एक रविवार. सुरुवात तांब्याच्या तारेच्या सापापासून करा.

आमच्यापुरते म्हणाल तर, पेणहून परतल्यावर आम्ही त्या कास्तकाराच्या घरी गेलो. धाकट्या पोराला दहा दिव्यांचा खेळ दिला, सुट्या भागांत, आकृतीसह. आठ दिवसांनी त्याचा फोन आला. "काका, चालत नाही." आम्ही विचारले, "कधी बिघडतं?" तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "थांबा, पाहून सांगतो."

पुढच्या बैठकीला येताना पोरांना घेऊन या. पोरींना आधी.